बिनकाट्याच्या सुरमईचे मालक यांस



तुमचं नाव लिहीत नाही. भिऊन नव्हे. पाटीवर 'सी व्ह्यू', 'सी टच' किंवा 'सी-काहीतरी' मिरवणारी हॉटेलं अलिबागपासून मुरूडपर्यंत इतकी आहेत, की नाव गाळलं तर प्रत्येकाला वाटेल हे पत्र आपल्यालाच आहे. तेवढाच टपालखर्च वाचला.

आम्ही डोंबिवलीचे. आम्हाला समुद्र बघायचा तर पहाटे पाचला उठून कल्याण-शीळ रस्त्याला लागायचं, सूर्योदय शीळफाट्याच्या कोंडीत बघायचा, मग पळस्पे, पेण, वडखळ करत कार्लेखिंड ओलांडायची. तोवर मागच्या सीटवरून 'आला का समुद्र?' हा प्रश्न सतराव्यांदा आलेला असतो. एवढ्या यातायातीनंतर अपेक्षा फार नसते हो. पाण्यापासून दोनशे पावलांवर ताटात पडणारा मासा आमच्या घराखालच्या बाजारातल्या माशापेक्षा एखादा दिवस तरी ताजा असावा, एवढीच. ती तुम्ही दोनदा, दोन वेगळ्या ऋतूंत, सारख्याच निष्ठेने मोडलीत.

पहिल्या खेपेचा दोष आमच्याकडे घेतो. जुलैचा रविवार होता, पाऊस मी म्हणत होता, आणि तुमच्या दाराशी फळ्यावर खडूने लिहिलं होतं : 'आजची ताजी मासळी – सुरमई, पापलेट, हलवा'. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. माशांच्या विणीचे दिवस, वर समुद्र खवळलेला. किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या होड्या आम्ही येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, फोटोही काढले होते. तरी फळा वाचला आणि आत शिरलो. यात तुमचं काय चुकलं? तुम्ही 'आजची' लिहिलं होतंत. कुठल्या महिन्यातली 'आज', ते आम्ही विचारायला हवं होतं.

दुसरी खेप मात्र फेब्रुवारी सरतासरता. समुद्र मोकळा, आणि रस्त्याकडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगायला नुकती सुरुवात झालेली. आणि या वेळी गाडीत आमच्या सासूबाई होत्या. त्यांचं माहेर केळवे-माहीमचं. पानमळे, नारळीच्या वाड्या आणि दारात येणारी टोपली यांच्यात वाढलेली बाई. बाजारात त्या कोळणीशी आधी बोलत नाहीत, आधी माशाचा कल्ला उचलून लाल आहे का ते बघतात, मग बोटाने दाबतात, खड्डा भरून आला तर मगच भावाचं बोलणं. अशा बाईला मी तुमच्याकडे घेऊन आलो, हे माझं धाडस. घरी ते अजून काढलं जातं.

कठड्याजवळचं टेबल हवं असेल तर किमान दोन हजारांची ऑर्डर, असं तुमच्या माणसाने सांगितलं. समुद्राचं भाडं म्हणून ते मान्य केलं. बसलो, तर समोर समुद्रच नव्हता. पाणी लांब गेलेलं, मध्ये ओला चिखल, त्यात एक टायर. सासूबाईंनी विचारलं, 'आज तिथी कोणती?' अष्टमी. 'मग बरोबर. आठाला पाऊण.' आमच्या मुलीला गंमत वाटली, म्हणून त्यांनी तिला कागदी रुमालावर गणित घालून दिलं. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उलट, भरती बाराच्या आगेमागे, तेव्हा समुद्र आपणहून जेवायला टेबलापाशी येतो. घराघरांत भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. आम्ही त्यात संकष्टी बघतो आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहितो. तुम्ही मात्र चिखलाचेही दोन हजार लावता. एवढा धंदा तर किनाऱ्यावर जमिनी विकणाऱ्यांनाही जमला नसेल.

मग मेनूकार्ड आलं. चौदा पानं, प्लास्टिकच्या आवरणात. पहिली सहा पनीर, मंचुरियन आणि सिझलरला वाहिलेली, मासे अकराव्या पानावर. तिथे किमतीच्या जागी 'ॲज पर साइज'. हा साइज माशाचा की गिऱ्हाइकाच्या गाडीचा, ते बिल आल्यावर कळतं. माझ्या मेव्हण्याने पापलेट थाळी मागवली. २०२३ साली आपल्या राज्याने चंदेरी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केलं, आणि पिल्लं धरून मासा संपू नये म्हणून पकडण्याची किमान लांबीही ठरली आहे, १३५ मिलिमीटर. ताटातला पापलेट मेव्हण्याच्या मोबाइलशेजारी ठेवून पाहिला तर चांगला दोन बोटं आखूड भरला. म्हणजे राज्यमाशाचा बालवर्ग. रव्याचं चिलखत मात्र पुऱ्या वाढीच्या माशाचं होतं.

आणि मग सुरमई.

सुरमईची तुकडी कशी असते, हे तुम्हाला कधी कोणी दाखवलंय का? आडवी कापलेली, मधोमध मणका, त्याभोवती घट्ट मांसाच्या पाकळ्या. तुमच्या ताटात आली ती पांढरी, मऊ, लांबट पट्टी. सासूबाईंनी ती बोटाने उलटीपालटी केली.

'काटा कुठाय?'

वाढणारा पोरगा खूश होऊन म्हणाला, 'आँटी, एकदम बोनलेस!'

'पाठीचा कणा नसलेली सुरमई पोहते कशी रे?'

पोरगा हसला. त्याच्यावर आमचा राग नाही, त्याला जे नाव शिकवलं ते तो घेत होता. सासूबाईंनी एक घास खाल्ला, पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, 'ह्याने समुद्र आजच बघितलाय. आपल्याबरोबर.'

तिथे सगळा उलगडा झाला. तो बासा होता. मूळचा मेकाँग नदीच्या खोऱ्यातला, आता आंध्रातल्या तळ्यांतही वाढवला जाणारा, गोड्या पाण्याचा सज्जन मासा. त्याला खारं पाणी ठाऊक नाही, उधाण ठाऊक नाही. जन्मभर तळ्यात राहिला, मग पट्ट्या होऊन खोक्यात गेला आणि बर्फात बसून रविवारच्या गर्दीत आमच्यासारखाच वडखळ नाक्यावरून इथे पोचला. एक दिवसाची सहल. फरक इतकाच, की आम्ही संध्याकाळी परत निघालो. बाशाबद्दल आमची तक्रार नाही, तो स्वस्त आहे, पोट भरतो, आणि त्याने स्वतःला कधी सुरमई म्हणवून घेतलेलं नाही. बारसं तुम्ही केलंत.

तुमच्या पाटीवर 'घरगुती मालवणी चव' असंही आहे. मालवण इथून एक रात्रभर गाडी हाकावी इतकं लांब. तुमच्या हॉटेलाच्या मागच्या गल्लीत आगरी आणि कोळी घरं आहेत, त्यांच्या चुलीवर तांदळाची भाकरी टम्म फुगते, मांदेलीचं आंबट शिजतं, थंडीत भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगांची पोपटी लागते. त्यांच्या नावाची पाटी का नाही? म्हणे 'मालवणी' लिहिलं की गाड्या थांबतात. आम्ही तर कार्लेखिंडीपासून पांढरा कांदा बघत आलो होतो, भौगोलिक मानांकन मिळालेला, कच्चा खाल्ला तरी गोड लागणारा, आणि ताटात आला लाल. सोलकढीचा रंग इतका गुलाबी, की सासूबाईंनी त्यात आधी लिंबू पिळून पाहिलं आणि मग वाटी बाजूला ठेवली. त्यांनी काय तपासलं ते मी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून विचारण्यासारखं नव्हतं.

आता थोडं तुमच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर एकतर्फी होईल. रायगडच्या कित्येक होड्या आपला माल थेट मुंबईच्या ससून डॉकला नाहीतर भाऊच्या धक्क्याला उतरवतात. बर्फ, लिलाव, भाव, सगळं तिकडे. म्हणजे तुमच्यासमोरच्या पाण्यातली मासळी तुमच्या नाकासमोरून मुंबईला जाते आणि मोठा मासा हवा तर तुम्हालाही ती मागच्या दाराने विकत आणावी लागते. ही अडचण खरी आहे. आणि दुसरी अडचण आम्ही आहोत. ज्या कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांनी आरमाराची गलबतं बांधायला घेतली त्या खाडीकाठची आम्ही माणसं, आणि समुद्रावर जाऊन पहिला प्रश्न काय विचारतो? 'वास नाही ना येत?' आमच्या ठाण्याच्या चुलतभावाचं घर चेंदणी कोळीवाड्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं, आता तो घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर गेला. त्याच्या मुलाला मासा आवडतो, फक्त त्याला डोकं, शेपूट, काटा, साल आणि माशाची चव नको असते. अशा गिऱ्हाइकाला बासा देऊ नये तर काय द्यावं? बोंबील द्यायला जावं तर तो विचारतो, 'हे असं लिबलिबीत का आहे?' तेव्हा चौदा पानी मेनूकार्डातली निदान आठ पानं आम्हीच तुमच्याकडून लिहून घेतली आहेत, हे कबूल.

पण सुरमई नाही हो. ते बारसं तुमचंच.

त्यानंतर, तुमच्यामुळेच म्हणा, सासूबाईंनी आम्हाला केळव्याला नेलं. गाडी नाही, ट्रेनने. आमच्या कोपर स्टेशनच्या वरच्या फलाटावरून दिवा-वसई गाडी पकडायची, वसई रोडला उतरून डहाणू लोकल, केळवे रोडपासून पुढे किनाऱ्यापर्यंत रिक्षा. कोपरची ती गाडी चुकली तर पुढची कधी, हे विचारायचं नसतं, घरी परत जायचं असतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी एका घरी फोन लावला. पलीकडून बाईंनी विचारलं, किती ताटं? मग म्हणाल्या, 'उद्या भांग आहे, मोठं काही मिळायचं नाही. बोंबील नि करंदी चालेल का? नाहीतर अमावास्येला या.'

तुम्हाला हे वाक्य नीट वाचायला सांगतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला ओढ नसते, डोलीचं जाळं लावलं तरी पिशवीत फार काही येत नाही. उधाणाला पाणी जोरात धावतं, तेव्हा डोल भरते. त्या बाईला गिऱ्हाईक हवं होतं, पण आम्ही जेवायला येण्याआधी तिने काय नाही ते सांगितलं. फळा नव्हता. मेनूकार्ड नव्हतं. दहा वाजेपर्यंत कळवलं नाही तर ताट नाही, एवढाच नियम.

गेलो. घराच्या पडवीत जेवलो. तिथून समुद्र दिसत नव्हता. मध्ये वाडी, मग सुरूचं बन, त्याच्यापलीकडे समुद्र. वाऱ्याबरोबर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास मात्र येत होता, आणि तो चुलतभावाच्या मुलालाही आला, कारण त्यालाही मुद्दाम बरोबर आणलं होतं. ताटात चार ताजे बोंबील, दगडाखाली दाबून पाणी काढलेले, तांदळाच्या पिठीत घोळवून तळलेले. करंदीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, कांदा, आणि खरोखर आगळाची सोलकढी, फिकट, जराशी मळकट रंगाची. भात दुसऱ्यांदा मागितला तर तिने विचारलंही नाही, वाढला. बिल कागदावर नव्हतं, तोंडी होतं, आणि ते तुमच्या समुद्राच्या भाड्यात बसलं असतं. पायरीवर दोन मांजरं बसली होती, आमच्याकडे न बघता, म्हणजे दिवसभरात असे बरेच लोक बघितल्यासारखी. त्या पोराने दोन बोंबील काट्यासकट खाल्ले. बोंबलाचा काटा असा मऊ असतो, की त्याला तो आहे हे कळलंच नाही. त्याच्या बापाला अजून सांगितलेलं नाही.

जेवून सुरूच्या सावलीत आडवे झालो. समुद्र दुपारी चारनंतर बघितला, फुकट.

तर मालक, तुमचं हॉटेल बंद पडावं अशी आमची इच्छा नाही. त्या कठड्यावर बसून चहा चांगला लागतो, आणि कांदाभजी खरोखर उत्तम होती, हे आमच्या घरात एकमताने मान्य झालं. पुढच्या खेपेला अमावास्या बघून येऊ, भरती बाराला असेल, चहा-भजी घेऊ, समुद्राचं भाडं भरू आणि जेवायला मागच्या गल्लीत जाऊ. तिथे कोणाच्या घरी फोन करायचा ते तुमच्याच वाढणाऱ्या पोराने हळूच सांगितलंय. तो स्वतः दुपारी तिथेच जेवतो.

कळावे,
आपला,
एक डोंबिवलीकर

ता. क. : उरलेल्या सुरमईचं पार्सल तुमच्या माणसाने आग्रहाने बांधून दिलं होतं. घरी आल्यावर ते आमच्या इमारतीच्या जिन्यातल्या मांजरीपुढे ठेवलं. तिने हुंगलं, एकदा पंजा लावला आणि पायऱ्या चढून वरच्या मजल्यावर निघून गेली. तुमच्या हॉटेलाच्या आवारात एकही मांजर नव्हती, हे सासूबाईंनी गाडीतून उतरतानाच पाहिलं होतं म्हणे. मला त्यांनी ते घरी पोचल्यावर सांगितलं.