औषध नव्हे, पण 1-0-1

चिठ्ठीवरची पहिली ओळ तापाच्या गोळीची असते, तीन दिवसांची. तिच्याखालच्या चार ओळींपुढे दिवस लिहिलेले नसतात, तिथे 'चालू ठेवा' असतं. या चारांतली कुठलीही डबी उचला, उलटी करा, चष्मा लावा. परवाना क्रमांक, कारखान्याचा पत्ता आणि 'कोरड्या जागी ठेवा' यांच्या गर्दीत ठळक इंग्रजीत छापलेलं सापडेल : नॉट फॉर मेडिसिनल यूज. औषधी वापरासाठी नाही. हा काही कंपनीचा विनय नव्हे. अन्नाच्या परवान्यावर पूरक आहार म्हणून विकायचं तर असं छापावंच लागतं, नियम आहे.

म्हणजे व्यवहार कसा झाला पाहा. औषधशास्त्राची परीक्षा पास झालेला माणूस औषधाच्या चिठ्ठीवर, औषधाच्या दुकानासाठी, औषध नसलेली वस्तू लिहितो आणि तिच्यापुढे 1-0-1 घालतो. दुकानदार ती औषधांच्या फळीवरून काढतो आणि पाकिटावर पेनाने 'सकाळी 1, रात्री 1' असं लिहून देतो. पेशंट ती घरी नेऊन औषधांच्या डब्यात ठेवतो. एवढ्या माणसांत आपण औषध नाही हे फक्त त्या डबीला ठाऊक असतं. आणि मेडिक्लेमवाल्यांना. चिठ्ठीवर जीवनसत्त्व दिसलं की त्यांची वाचनाची आवड एकाएकी जागी होते.

ठीक आहे, आहार तर आहार. मग तो आहारासारखा तरी वागवा. मंगल कार्यालयात पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी आणि झिंकची गोळी वाढा. वाढपी रांगेतून 'ओमेगा, ओमेगा' ओरडत फिरू देत. यजमानांनी आग्रह करावा, 'डॉक्टर, लाजताय काय, अहो अजून दोन घ्या, पचायला हलकंय!' विहिणीच्या पंक्तीला मल्टिव्हिटॅमिन कमी पडल्यावरून रुसवा व्हावा आणि मुलाच्या मामाने दुचाकीवरून जाऊन चार पट्ट्या आणाव्यात. आजींनी विचारावं, 'एकादशीला चालतं का गं?' हा प्रश्न तर हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. औषध असतं तर कॅप्सूलचं कवच कशाचं आहे हे कुणी पाहिलं नसतं. पण हे पडलं अन्न, त्यामुळे त्याला शाकाहारी-मांसाहारीची खूण लागते. कवच जिलेटिनचं, जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं, म्हणून डबीवर तपकिरी खूण. गेली दोन वर्षं चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करून आजी ज्या कॅप्सूलवर उभ्या आहेत, तिच्यावर तयार मटण-रश्श्याच्या पाकिटावर असते तीच खूण आहे. आणि ही त्यांना लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी सोबत बजावलंय की आजी, पथ्य पाळा!

आत काय असतं ते विचारू नका. सत्तावीस घटक. ग्रीन टी, द्राक्षाच्या बिया, जिनसेंग, लसूण, जिन्को. प्रत्येकाची हजेरी लावलेली, काम कुणालाच दिलेलं नाही. जिन्कोवरचे प्रयोग दिवसाला 120 ते 240 मिलिग्रॅम देऊन झाले. अमेरिकेत तीन हजारांवर वृद्धांपैकी निम्म्यांना रोज 240 आणि उरलेल्यांना नुसती दिखाऊ गोळी, असं काही वर्षं देऊन पाहिलं. स्मृतिभ्रंश थांबला नाही, हे 2008 सालीच छापून आलं. आपल्या कॅप्सूलमध्ये तो 10 मिलिग्रॅम असतो. 240 ने जे झालं नाही ते 10 ने होत असणार, एरवी इतके शिकलेले लोक लिहितील कशाला?

कमी मात्रेचं असं, तर जास्तीचं निराळंच. केसांसाठी बायोटिन. माणसाला दिवसाला 30-40 मायक्रोग्रॅम पुरतं. गोळी 10 मिलिग्रॅमची, म्हणजे 10,000 मायक्रोग्रॅम. केसांचं जे व्हायचं ते होतं, पण तपासणीच्या काही यंत्रांवर या बायोटिनमुळे टीएसएच खोटंच खाली दिसतं आणि टी-फोर खोटंच वर. रिपोर्ट म्हणतो, थायरॉइड भडकलंय. ज्या केसगळतीसाठी गोळी सुरू केली ती थायरॉइडमुळेच होती, असं निदान होऊन सगळे सुखावतात. तपासणीआधी दोन दिवस गोळी बंद ठेवायची असते. सांगणार कोण? 'तुम्ही आणखी काय घेता?' असं विचारावं, तर पेशंट प्रामाणिकपणे म्हणतो, 'औषध काहीच नाही हो.' चूक आहे का त्याचं?

अश्वगंधेची तर दोन लग्नं झालेली आहेत. एका परवान्यावर ती औषध, दुसऱ्यावर अन्न, मूळ तेच. वैद्य तिचं चूर्ण 3 ते 6 ग्रॅम सांगतो, वर अग्नी पाहतो, अनुपान दूध की तूप ते ठरवतो. अन्न म्हणून आली की तिच्या अर्काची 300 मिलिग्रॅमची कॅप्सूल होते आणि अनुपान : पाणी. अर्क म्हणजे चूर्ण नव्हे, त्याची मात्रा निराळी, हे कळण्याइतकं सगळ्यांनाच कळतं. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. विचारा लिहिणाऱ्याला, ती देण्याआधी कावीळ होऊन गेली का, थायरॉइडची गोळी चालू आहे का, हे विचारलंत का? 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही.' ज्या शास्त्राचा आपण एक धडा वाचलेला नाही त्याच्यावरचा हा विश्वास पाहून गहिवरून येतं.

आता गंमत पुरे. लोह आणि कॅल्शियम एकाच चिठ्ठीत, दोन्ही 1-0-1, दोन्ही जेवणानंतर. कॅल्शियम लोह शोषू देत नाही हे बारावीच्या मुलीला माहीत असतं. थायरॉइडच्या गोळीपासून दोन्ही चार तास लांब हवीत, पण चिठ्ठीवर ती तिघं एकाखाली एक. आणि ड जीवनसत्त्वाची ती पुडी! 60,000 युनिटची, आठवड्याला एक, ती ठरावीक आठवडेच. रोजची गरज 600 धरली तर एका पुडीत शंभर दिवस. 'आठवड्यातून एकदा' हे दोन शब्द लिहायला हात दुखतो म्हणून आजोबा रोज सकाळी शंभर दिवस गिळतात. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं, तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडावर ताण. आणि अशक्तपणा. अशक्तपणावर काय लिहितात ते तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं का चालतं? कारण जीवनावश्यक यादीतल्या औषधांच्या किमतीला सरकारने छत घातलंय आणि आहाराला आभाळ मोकळं आहे. गरोदर बाईला सरकारी केंद्रात लाल गोळी फुकट मिळते, 60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. शौच काळं होईल, घाबरू नकोस, चहाबरोबर घेऊ नकोस, एवढं सांगायला कुणाला अर्धं मिनिट नसतं. ती घाबरते, गोळ्या फडताळात पडतात, हिमोग्लोबिन आठवर येतं. मग खासगीत जाऊन नवरा चॉकलेटच्या चवीचा पावडरचा डबा आणतो, उधारीवर. डब्यात प्लास्टिकचा चमचा फुकट असतो. किती चमचे, किती वेळा, असं विचारलं की डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारता मारता म्हणतात, 'द्या दुधातून.'