प्रकृतीसाठी एक ग्लास

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा, आणि तो अजून ठणठणीत आहे. परवाना एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, थेट आजन्मही मिळतो. तो कशासाठी? बढती, प्रेमभंग, मित्राचं लग्न असली कारणं तिथे चालत नाहीत. प्रकृतीचं जतन आणि संवर्धन, एवढंच. म्हणजे शनिवारी रात्री खच्चून भरलेला बार सरकारदरबारी औषधोपचार घेत बसलेला असतो.

या कायद्याची लाज राखेल असं एकच पेय मला ठाऊक आहे: इम्पीरियल स्टाउट. पिवळीधम्मक, फसफसणारी बिअर पिताना प्रकृतीचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही. स्टाउट मात्र दिसतेच काढ्यासारखी. काळीकुट्ट, दाट, वर तपकिरी फेस. ग्लास डोळ्यांसमोर धरला की समोरचा माणूस दिसत नाही. (माणूस कोण आहे त्यावर ही सोयही ठरते.)

हा काळेपणा बार्ली कॉफीच्या बियांसारखी भाजल्यामुळे येतो. डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने १८१७ साली त्यासाठी फिरत्या पिंपाच्या भट्टीचं पेटंट घेतलं आणि लंडनच्या बिअर खऱ्या अर्थाने काळ्या झाल्या. त्याच्याही आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, लंडनची कडक स्टाउट रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या दरबारात जात असे. ‘इम्पीरियल’ ही पदवी तिथली. आज त्या नावाखाली आठ ते बारा टक्के मद्यार्क सहज असतो. पण रंगावर जाऊ नका. आयर्लंडच्या गिनेसची ड्राफ्ट स्टाउट तितकीच काळी, आणि ती जेमतेम ४.२ टक्क्यांची. आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ बाटलीपुढे ती शाकाहारीच.

औषधाचा दावा स्टाउटने स्वतःही केला आहे. गिनेस तब्येतीला चांगली, अशी जाहिरात १९२९ पासून ब्रिटनभर झळकत होती. आयर्लंडमध्ये रक्तदात्याला गिनेस मिळायची. बाळंतिणीलाही द्यायचे! आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, तिकडे स्टाउट. अर्थात ज्या लोहासाठी हे सगळं, ते तिच्यात नगण्य असतं आणि दारूने कुणाची प्रकृती सुधारत नाही, हे डॉक्टरला विचारायचीही गरज नाही. तरी कडू लागतं ते गुणकारी, ही आपली श्रद्धा स्टाउट पहिल्या घोटात जागी करते.

पुण्यात २००९ साली देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक निघाली, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या फळ्यांवर स्टाउट अधूनमधून दिसू लागली. ती येते ती मात्र बर्फगार. थंडीने जीभ बधिर होते आणि हाती नुसता कडूपणा लागतो. म्हणून मी ग्लास समोर ठेवून बसतो. वेटर येतो. “सर, काही प्रॉब्लेम आहे का?” नाही, म्हणतो. थोड्या वेळाने मॅनेजर येतो. पुण्यात पैसे देऊन घेतलेली वस्तू कुणी नुसती बघत बसला तर तक्रार येणार, हा त्यांचा अनुभव असावा. बारा-तेरा अंशांना ती बोलू लागते: आधी कॉफी, मग काकवी, आणि घोट गिळल्यावर बऱ्याच वेळाने घशात हलकी ऊब. तोवर टेबलावरच्या मित्रांचा दुसरा पिचर संपत आलेला असतो आणि मी आजारी आहे की कंजूष, यावर चर्चा सुरू झालेली असते.

तेव्हा परवाना काढलाच असेल, तर त्यावरचं कारण एकदा गंभीरपणे घ्या. लहान ग्लास मागवा, दोघांत एक. कांदा-लिंबू मारलेले मसाला शेंगदाणे नकोत, त्यापुढे काहीच टिकत नाही. ग्लास निवावा म्हणून नव्हे, त्याचा गारठा उतरावा म्हणून थांबा. आणि गाडी घरीच ठेवा. पहिला रिक्षावाला नाही म्हणेल, दुसराही म्हणेल; तिसऱ्याला विचारा.