गाडी सुटली, कोडं सुटेना

शिव शिव शिव! दौंडच्या फलाटावर आता कुणी कुणाला 'कुठं निघालात' असं साधं विचारत नाही. पुण्याहून डेमू येते, माणसं पिशव्या सावरत उतरतात आणि उतरता उतरता विचारतात, "मग? त्या रूममेटचं काय वाटतं तुम्हाला?" ही रूममेट कोण? शेजारच्या पोराची? भाचीची? छे हो! ती अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातली, मॉस्को नावाच्या गावातली. मॉस्को रशियात असतं असं शाळेत शिकवलं होतं, तेही या मंडळींनी केव्हाच मोडीत काढलं.

शिरूरला काही वेगळं आहे असं समजू नका. रांजणगाव एमआयडीसीच्या कंपनी बसमध्ये दुसऱ्या पाळीची पोरं पूर्वी झोपायची किंवा क्रिकेटवरून भांडायची. आता कानात बोंडं घालून खुनाच्या हकिगती ऐकतात आणि उतरताना एकमेकांना 'तू चुकतोयस' म्हणून दटावतात. न्हावरे फाट्यावर एक गृहस्थ आहेत. त्यांच्या विहिरीवरची मोटार केबलसकट गेली, ती कुणी नेली हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही. पण सातासमुद्रापलीकडल्या चाकूच्या म्यानाबद्दल ते असे बोलतात, की ते म्यान यांच्याच कपाटात होतं असं वाटावं.

आणि आमच्या जाऊबाई! कुकरच्या शिट्ट्या मोजायचं भान नाही, पण तिकडच्या पोलिसांना, 911 ला, फोन किती वाजून किती मिनिटांनी गेला ते विचारा. अकरा अठ्ठावन्न. पाठ.

ज्यांना अजून ही बाधा झालेली नाही, अशा भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगते. 13 नोव्हेंबर 2022 च्या पहाटे त्या मॉस्कोत, किंग रोडवरच्या एका भाड्याच्या घरात, आयडाहो विद्यापीठात शिकणाऱ्या चौघांचा चाकूनं खून झाला. तीन मुली, एक मुलगा. घरातल्या आणखी दोघी मुली, म्हणजे त्यांच्या रूममेट, वाचल्या. गाव साधारण 25 हजार वस्तीचं, म्हणजे आपल्या शिरूरहूनही लहान. पुढचा दीड महिना पोलिसांनी कुणालाच धरलं नाही. झालं! तेवढा दीड महिना जगभरच्या रिकाम्या डोक्यांना पुरला. मुलं गेली ती गेलीच, पण जी जिवंत होती त्यांचीही या लोकांनी सालटी काढली.

कशी ते ऐका. दोघी वाचल्या ना, मग त्यांचाच हात असणार! का वाचल्या म्हणजे काय, वाचायचं कशाला? फोन दुपारी का केला? घरातला कुत्रा सुखरूप कसा? बरं, त्या रात्री खून झालेल्यांपैकी दोघी मुली खाण्याच्या गाडीवर थांबल्या होत्या, तिथल्या कॅमेऱ्यात मागं एक टोपीवाला स्वेटर घातलेला मुलगा दिसतो. दिसला की गेला बिचारा कामातून! पोलिसांनी कंठशोष करून सांगितलं की त्याचा काही संबंध नाही. पण पोलिसांचं ऐकायचं असतं तर माणूस स्वतः तपासाला कशाला बसेल?

सगळ्यात कहर केला तो टेक्सासमधल्या एका बाईनं. हिनं काय करावं? टॅरोचे पत्ते मांडले आणि त्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या एका प्राध्यापक बाईंनी हे खून घडवून आणले, असं व्हिडिओंवर व्हिडिओ काढून जाहीर केलं. त्या बाईंचा ना त्या मुलांशी संबंध, ना त्या घराशी. वकिलाच्या नोटिसा गेल्या, तरी पत्ते पिसणं चालूच. डिसेंबर 2022 मध्ये प्राध्यापक बाई शेवटी न्यायालयात गेल्या आणि 2024 मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की ही बदनामीच आहे. आपल्याकडं म्हैस हरवली की देवऋषाकडं जाणाऱ्यांना आम्ही अडाणी म्हणत आलो. निदान देवऋषी म्हैस 'पूर्वेला गेली' एवढंच सांगतो हो, गावच्या मास्तरणीचं नाव घेत नाही!

आणि पकडला कोण गेला? 30 डिसेंबरला पेनसिल्व्हेनियात वडिलांच्या घरून ब्रायन कोबर्गर. शेजारच्या पुलमन शहरात गुन्हेगारीशास्त्रात पीएचडी करणारा विद्यार्थी. पुलमन म्हणजे मॉस्कोहून तेरा-चौदा किलोमीटर, शिरूर-रांजणगावपेक्षाही कमी अंतर. खुनाच्या जागी चाकूचं चामडी म्यान राहिलं होतं, त्याच्या बटणावर डीएनए मिळाला, तो वंशावळीच्या नोंदींशी ताडत ताडत तपास त्याच्यापर्यंत आला. शिवाय पांढरी ह्युंदाई एलांट्रा, मोबाइलच्या टॉवरच्या नोंदी, कॅमेऱ्यांचं तासन् तास फुटेज. पोलिसांकडं लोकांच्या 19 हजारांच्या वर सूचना आल्या होत्या, त्याही कुणीतरी बसून चाळल्याच असतील. सगळं कसं कंटाळवाणं, कारकुनी! यात पत्ते नाहीत, कुत्र्याचं मन ओळखणं नाही. आमच्या जाऊबाईंना हा तपास मुळीच आवडला नाही. "रजिस्टर चाळून कधी खुनी सापडतो का?" म्हणाल्या. आता सापडला त्याला कोण काय करणार?

उगाच नव्या पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, हेही सांगते. ही खोड आपल्या रक्तातली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्या काय भिंतीनं वाचल्या? झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांच्या नादानं भूमितीच्या पुस्तकात दुसरं पुस्तक ठेवणारी पिढी आज 'ही मुलं सारखी मोबाइलमध्ये' म्हणून कपाळाला हात लावते, तेव्हा मला हसू येतं.

आणि खुद्द पुणं विसरलात का? 1976 साल. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातला प्रकाश हेगडे हा विद्यार्थी जानेवारीत नाहीसा झाला. त्याच्याच हातची चिठ्ठी वडिलांना मिळाली होती, त्यामुळं तो खून आहे हेच कुणाला कळलं नाही. मग 31 ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशी कुटुंब. 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर संस्कृतचे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नातवंडं आणि घरकाम करणाऱ्या बाई. एका घरात पाच माणसं. आणीबाणी चालू होती, वर्तमानपत्रांचे हात बांधलेले. मग बातमीची जागा कोण घेणार? दिवेलागणीला पुण्याची दारं बंद व्हायची आणि बंद दारांमागं जे तर्क चालायचे, ते आजच्या मोबाइललाही झेपले नसते. पुण्यात शिकायला पोरगा ठेवलेली इकडची घरं एसटीनं आलेल्या माणसाला आधी पाणी नाही, 'काही कळलं का' हे विचारायची.

आणीबाणी 21 मार्च 1977 ला उठली. दोनच दिवसांनी अनिल गोखले या तरुणाचा खून झाला. त्याचा मृतदेह नदीत तरंगला आणि मग मात्र धागा हाती आला. पोलिसांनी त्याच्या भावाच्या कॉलेजातल्या मित्रांना वेगवेगळं बसवून विचारलं, तर कोण कुठं होतं याचा मेळ बसेना. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शहा. सगळी प्रकाश हेगडेच्याच कॉलेजातली, चित्रकला शिकणारी, चारचौघांत चहा पिणारी पोरं. पाचवा सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला. हेगडेचा मृतदेह पेशवे पार्कातल्या तळ्यात पिंपात होता. चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी झाली. पाच महिने अख्ख्या शहरानं डोकं खाजवलं, पण बाकावर शेजारी बसणाऱ्याचं नाव कुणाच्या तर्कात आलं असेल असं मला वाटत नाही. परका माणूस संशयाला बरा पडतो. त्याच्याकडं चहाला जायचं नसतं ना.

आता आपल्या तालुक्यांकडं वळू, इथं तर तोंडात बोटं घालायची वेळ आहे! 2024 चा पावसाळा आठवतो? रात्री आभाळात ड्रोन फिरतात, घरं हेरतात, मागून चोर येतात. कुणाचे ड्रोन, कशाला, काही पत्ता नाही. पण शिरूर काय, दौंड काय, पोरं काठ्या घेऊन रात्र रात्र वस्तीवर जागली. लुकलुकणारा तारा दिसला तरी आरोळी! पाहुणा उशिरा आला तर त्याचं आधार कार्ड बघितल्याशिवाय पोलीसपाटलाचा फोन खाली ठेवत नव्हते. बिबट्या मेला उसात बसून हे सगळं बघत असेल आणि म्हणत असेल, चला, आपल्यामागची पीडा टळली.

उसावरून आठवलं. फेब्रुवारी 2025 मध्ये स्वारगेटच्या बसमधल्या अत्याचाराचा आरोपी शिरूर तालुक्यातल्या गुनाटला उसात लपला. त्या वेळी मात्र खरेखुरे ड्रोन आले, श्वानपथक आलं, लाखाचं बक्षीस लागलं. आणि तो सापडला कसा? तहान लागली म्हणून एका घरी पाणी मागायला आला, त्या घरच्यांनी ओळखलं आणि पोलिसांना कळवलं. गावकरी रात्री पोलिसांबरोबर शिवारात फिरले. बस्स! याच दिवसांत मोबाइलवर बसलेले हुशार लोक काय करत होते? त्या पीडित मुलीनं आरडाओरडा का केला नाही, याची चर्चा. मेल्यांनो, ती बसमध्ये होती का तुम्ही होतात? इथं मला खोटं खोटं रागावता येत नाही, खरंच संताप येतो.

आणि पारगाव. जानेवारी 2023. दौंड तालुक्यात भीमेच्या पात्रात आठवडाभरात एकामागून एक सात मृतदेह मिळाले, एकाच कुटुंबातले, त्यात लहान लेकरं. शिरूरकडून चौफुल्याला जाणारा प्रत्येक जण त्या पुलावरून गेला की खाली बघायचा. आधी आत्महत्या असं पोलिसांनाही वाटलं. फोनवर तर घराण्याच्या इज्जतीपासून कर्जापर्यंत सगळी कारणं ठरून गेली होती, मेलेल्यांच्या चारित्र्याची झडती घेऊन झाली होती. मग 25 तारखेला पोलिसांनी नातेवाइकांनाच अटक केली. जुन्या मृत्यूचा सूड म्हणून खून झाल्याचं तपासात पुढं आलं. मेलेल्यांना दोष देणारे जे मेसेज फिरवले होते, ते कुणी मागं घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण सांगायची गोष्ट ही, की पारगावची चर्चा पंधरवड्यात आटली. पोलिसांनी धरलं, आरोपी घरचेच निघाले, मजा संपली. मॉस्कोची मात्र अजून चालू आहे. तिथल्या कुणाच्या लग्नाला जायचं नाही, कुणाच्या दहाव्याला उभं राहायचं नाही. लांबच्या मढ्याला सोवळं नसतं, हे या शौकाचं खरं सुख!

तरी मला वाटलं होतं, 2025 मध्ये ही साथ ओसरेल. ऑगस्टमध्ये खटला सुरू व्हायचा होता. त्याआधीच 2 जुलैला कोबर्गरनं चारही खून कबूल केले. फाशी टळली, आणि 23 जुलैला त्याला चार जन्मठेपा झाल्या, एकापाठोपाठ एक भोगायच्या, अपील नाही, सुटका नाही. किंग रोडवरचं ते घर तर 2023 च्या डिसेंबरातच पाडून टाकलं होतं. आता उरलं काय?

उरलं कसं नाही! न्हावरे फाट्यावर सुतक आल्यासारखी शांतता होती दोन दिवस. खटलाच नाही म्हणजे काय? साक्षी नाहीत, उलटतपासणी नाही! आम्ही एवढी वर्षं कुणासाठी अभ्यास केला? मग तिसऱ्या दिवशी मोटार हरवलेल्या गृहस्थांनी आवाज काढला, की चाकू मिळालेला नाही. आता हे खरं आहे हो, चाकू मिळालाच नाही. आणि खून का केले, हे त्यानं न्यायालयातही सांगितलं नाही. एवढं भांडवल पुरे झालं. टपरीवाल्यानं पुन्हा आधण ठेवलं.

जाऊबाईंना मी म्हटलं, "अहो, आता तरी पुरे करा. त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय ना?"

"तेच तर!" जाऊबाई फोन माझ्या तोंडापुढं नाचवत म्हणाल्या. "इतक्या सहज कबूल कोण करतं? नक्की त्या रूममेटला वाचवतोय तो."