पावती आधी फाडावी

पैसे मागायला जाताना कोणता शर्ट घालावा, हे कुठल्याच सेमिनरीत शिकवत नाहीत. कडक इस्त्रीचा घातला तर देणारा मनात म्हणतो, याला काय कमी आहे? चुरगळलेला घातला तर म्हणतो, याच्या हाती दिलेले पैसे कामापर्यंत पोचतील का? आमच्या यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. ती १९८३ साली पुण्याला गेली. शर्टाचा प्रश्न इकडेच ठेवून गेली. मी माझ्यापुरता तोडगा काढलाय : कॉलरला इस्त्री, बाह्यांना नाही. कॉलरीत स्वाभिमान दिसतो, बाह्यांत गरज.

मी फिरता सेवक. मंडळीच्या पाळकसाहेबांना निदान ठरलेला पगार असतो. मला ‘प्रभू पुरवील’ असतं. तो पुरवतोही, फक्त एक तारखेचं त्याला विशेष काही वाटत नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, हे वाचून मी भारावलो आणि बायकोला म्हणालो, “आपणही आता निव्वळ विश्वासावर जगायचं.” ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कुणाच्या? किराणावाल्याच्या?” टिळकांसारखं व्हायचं असेल त्याने लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ घरात ठेवू नयेत.

सभांतून मी पंडिता रमाबाईंचा दाखला देतो. त्या अमेरिकेला गेल्या, गावोगाव बोलल्या, १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि त्यांच्या शाळेच्या दहा वर्षांच्या खर्चाची सोय झाली. दहा वर्षं! मला दहा तारखेपर्यंतची हमी कुणी देत नाही. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाल्यापासून वर्ध्याच्या दात्यांची “कशाला एवढी तसदी घेता?” म्हणायची सोय गेली. आता मी तसदी न घेताच पोचतो.

पण या धंद्यातले खरे गुरू माझ्या दारात येतात, भाद्रपदात. आमचं कळंब म्हणजे चिंतामणीचं गाव, आणि भाद्रपद सरला की दुर्गोत्सव, ज्याचं यवतमाळ जिल्ह्यात किती प्रस्थ आहे ते सांगायला नको. ही वर्गणीची पोरं मी जाणकाराच्या नजरेनं न्याहाळतो. माझी पद्धत अशी : आधी कामाची माहिती, मग साक्ष, मग प्रार्थना, मग चहा, आणि मूळ मुद्दा निघतो तो चपला घालताना. पोरं पावती आधी फाडतात, आकडा मग विचारतात. फाडलेल्या पावतीसमोर ‘नाही’ म्हणायला छाती लागते. शिवाय येतात सहा जण. एक बोलतो, पाच नुसते बघतात, आणि त्या पाचांत एक शेजाऱ्याचा असतोच. “काका, मांगच्या साली दोनशे एक होते तुमचे.” मागच्या साली एकावन्न होते, हे त्यालाही माहीत असतं. दारावरचं ख्रिस्ती नाव वाचून कुणी बिचकत नाही. “लायटिंगसाठी द्या नं काका, उजेड तं तुमच्या अंगनातही पडते.” सर्वधर्मसमभावावरची पुष्कळ व्याख्यानं मी ऐकली, पण खिशात हात घालायला लावणारं हे एकच. ना प्रार्थनापत्र, ना अहवाल, ना आभाराचं कार्ड! प्रेरणा घेऊन मीही एकदा पाच भाऊ सोबत घेऊन एका दात्याकडे गेलो. त्यांनी सहा चहा दिले.

गावात सर्वांना ठाऊक आहे की मला डॉलर येतात. न्हावी तर दर महिन्याला म्हणतो, “तुमाले कायची महागाई जी!” परदेशी देणगी घ्यायची तर संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक खात्यातच उतरावा लागतो, आणि माझ्याकडे यातलं काहीही नाही, हे मी त्याला समजावलं. वस्तरा गळ्याशी असल्यामुळे थोडक्यात. तो म्हणाला, “म्हंजे दिल्लीहून येते म्हना की.”

याचं मला हसू येतं. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मोठ्या शहरातल्या एका दात्यांनी आमच्या संध्याकाळच्या वर्गातल्या मुलांचे फोटो मागितले. मुलं अंग धुऊन, तेल चोपडून, भांग पाडून आली. एकाने मोठ्या भावाची पँट सुतळीनं कमरेला बांधली होती आणि सुतळी दिसू नये म्हणून शर्ट बाहेर सोडला होता. फोटो पाठवले. उत्तर आलं : ‘छान आहेत, पण यात गरज दिसत नाही.’

म्हणजे पोरांचे भांग मी विस्कटायचे? त्यांच्या आया दिवसभर कापूस वेचतात, किलोमागे मजुरी. त्यांतलीच एक कापणीच्या सणाला तुरीची पिशवी आणून ठेवते आणि बजावते, “यादीत नाव नका लिवू जी, घरी हिशोब इचारतेत.” माझ्या दात्यांच्या यादीत तिचं नाव नाही, आणि ज्यांचं पहिलं आहे त्यांना तिच्या पोराची सुतळी बघायची आहे. माझा शर्ट मी हवा तसा चुरगळीन. तो माझा आहे.

शेवटी त्या दात्यांना मी किराणावाल्याच्या उधारीच्या वहीतल्या माझ्या पानाचा फोटो पाठवला. त्यात गरज ठळक दिसते. त्यांच्याकडून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. पैसे यायचे आहेत. किराणावाला मात्र खूश. “माही वही एवढ्या दूर गेली म्हंता?” तेव्हापासून माझं पान तो वळणदार अक्षरात लिहितो आणि बेरीज दोनदा करतो. दोन्ही वेळा ती तेवढीच येते.