कुत्रा चालतो, सातनंतर पोर चालत नाही

लंडन, रविवार रात्र
(कुकर होईपर्यंत)

ती. आईस शि. सा. नमस्कार,

बाबांचा फोन आला तेव्हा हातात ओले मोजे होते, नीट बोलता आलं नाही. ईराने "आम्ही पबमध्ये जेवलो" म्हटल्यावर ते एकदम गप्पच झाले. त्यांना सांग, हा गुत्ता नव्हे, गॅस्ट्रोपब. जिथे पिण्याइतकंच जेवणही मनावर घेतात ती जागा. १९९१ साली क्लार्कनवेलच्या 'द ईगल'पासून हे नाव रुळलं. आमच्या कोपऱ्यावरचा त्याचाच कुणी चुलत नातू. एक खुर्ची दुसरीसारखी नाही, मंगळागौरीला शेजारून गोळा केल्यासारख्या.

वीस मिनिटं वाट पाहिली, मग कळलं, टेबलाचा नंबर सांगून काउंटरवर आपणच ऑर्डर द्यायची. पाणीही आपणच आणायचं. तरी बिलात साडेबारा टक्के सेवेचे! कोणाची सेवा? माझीच ना? संडे रोस्ट चोवीस पौंड, म्हणजे अडीच हजारांच्या वर. त्यात भाजलेला बटाटा आणि गाजर. मला शाकाहारी म्हणून दाण्याबदामाची भरड थापून भाजलेली वडी. श्रीने यॉर्कशायर पुडिंग 'गोड शेवटी' म्हणून राखून ठेवलं. निघाली फुगलेली, पोकळ, अळणी पुरी.

आणि कडी म्हणजे, सातला पोरांना बाहेर काढतात. सरकारी कायदा नाही, त्यांच्या दारावरची पाटी. ईराचं आइस्क्रीम अर्धं राहिलं. शेजारच्या टेबलाखालचा लॅब्रॅडॉर मात्र घोरत होता, त्याला कोणी वय विचारलं नाही.

पार्सल मिळालं. मेतकूट फुटलं, सगळ्या भाजणीला त्याचा वास लागलाय. छान लागतेय. मंदामावशीच्या सुनेने पोळ्यांना बाई लावली तर लावू दे की! मावशीनेच सांगितलं होतं ना, पोळ्या नकाशासारख्या होतात म्हणून? आणि नंदूकाका पुन्हा गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलतोय? त्याला म्हणावं, लग्नही असंच ढकललं होतंस.

बाबा बंब मोडीत घालणार म्हणालीस, तेवढं थांबव. पबमध्ये काचेच्या दाराची शेगडी होती. तिथल्या पोऱ्याने लाकूड सारायला दार उघडलं आणि जरासा धूर बाहेर आला. दिवाळीची पहाट, परसदार, अण्णा बंबात फुंकणीने जाळ करताहेत. मी मान खाली घालून गाजर चिरत बसले. श्री म्हणाला, "कांदा आहे का त्यात?"

तिसरी शिट्टी झाली. बंबाचं विसरू नकोस.

तुझी,
मनू