सोप्यावरची सीट

मांद्र्यात पूर्वी व्हॅनची पुढची डावी सीट काढायला पाना आणि बिडी ओढण्याइतका वेळ लागायचा. 1984 साली आलेली मारुतीची व्हॅन, जिला पुढे ऑम्नी म्हणू लागले, तिच्या सीटखाली बोल्ट असत आणि बोल्टांखाली गंज. सीट परसात गेली की तिच्यावर कोंबडी खुडूक बसायची, आणि गाडीतल्या मोकळ्या जागेत हुर्राकाचे कॅन, मानकुरादच्या पेट्या, एकदा तर दशावतारातल्या संकासुराच्या पोशाखासकट अख्खा माणूस गेलेला मी पाहिलाय. 2019 मध्ये ती गाडी बंद झाली. तिच्या सीटांना मेंदू नव्हता आणि आमचं त्यावाचून काही अडलंही नाही.

यंदा चवथीच्या तोंडावर आमच्याकडे नवी व्हॅन आली. सहा एअरबॅगांची. शोरूममध्ये बायकोने एवढंच विचारलं, "सहा बॅगा दिल्या, त्या ठेवायच्या कुठे?"

मूर्ती आणायची होती. गोव्यात प्लास्टरला बंदी, म्हणजे चिकणमातीची, अडीच फुटांची, प्रभावळीसकट. मागे गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, त्यात तोरिंगं आणि नारळांची पेंड. मूर्ती मागे ठेवली आणि चोपड्याच्या उतारावर ब्रेक मारला तर सोंडेवर तोरिंग. तेव्हा बाप्पा पुढे बसणार असं ठरलं. भाचा पाना घेऊन आला.

सीटखाली पिवळ्या नळीतून आलेली तार आणि पिवळं सॉकेट होतं. मी मॅन्युअल काढलं. मांद्रे पंचायतीच्या हद्दीत गाडीचं मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढणारा पहिला इसम मीच असेन. पिवळा रंग म्हणजे एअरबॅगची वायर. सीटच्या कुशीत एक बॅग शिवलेली असते, तिच्यात पेटणारी छोटी कांडी. तिला हात लावायचा तो कंपनीच्या मेस्तानेच. त्याची रीतही ठरलेली. आधी चावी बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, आणि मग काही मिनिटं गप्प बसायचं. कारण अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग फुटावी म्हणून कंट्रोल युनिट थोडी वीज पोटात राखून ठेवतं. अडीअडचणीला कनवटीला पैसे ठेवणाऱ्या आजीसारखं.

हे मी मोठ्याने वाचेपर्यंत भाच्याने सॉकेट उपटलं होतं. वर चावी फिरवली, गाणी लावायला.

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. बसलेला माणूस आणि त्याच्या पोटापुढे वाटोळा गोळा. काकी वाकून बघत राहिली. "गणपतीच तो!" म्हणाली आणि हात जोडले. चवथीच्या आदल्या दिवशी आपोआप प्रकट झालेला. त्यानंतर तो दिवा विझवा असं म्हणायची घरात कोणाची छाती झाली नाही.

मूर्ती सुखरूप आली, वीसच्या स्पीडने. मॅन्युअल म्हणतं, डॅशबोर्ड आणि प्रवासी यांच्यामध्ये काही ठेवू नका. बॅग साधारण तीस मिलिसेकंदांत फुगते, पापणी मिटायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. बाप्पा तर डॅशबोर्डला नाक लावून बसलेले. पण दिवा लागलाय म्हणजे बॅगा बंद असणार, असं भाचा म्हणाला. ते निम्मं खरं निघालं. एक तार सुटली की बऱ्याच गाड्यांत अख्खी यंत्रणाच कामावरून उठते, टॅक्सीवाल्यांच्या संपासारखी. म्हणजे नसलेल्या सीटची बॅग काढली आणि माझ्या छातीपुढची गेली. तीही नक्की गेली का, हे टक्कर झाल्याशिवाय कळणार नाही.

विसर्जनानंतर आमचा गॅरेजवाला मेस्त आला. "दिवो त्रास दिता? काळी टेप मारुया." दुसरा अधिक शिकलेला होता. सॉकेटात दोन ओहमचा रेझिस्टर खुपसायचा म्हणाला, गाडीला वाटतं बॅग जाग्यावरच आहे. नारळाऐवजी सुपारी मांडून पूजा उरकतात तसं. सॉकेट नीट लावून स्कॅनरने गाडीच्या मेंदूतली चूक पुसायची, हा तिसरा उपाय म्हापशात मिळतो. म्हापशाला शुक्रवारी जायचं म्हणून आम्ही तीन शुक्रवार ठरवतोय.

शेजारच्या निवृत्त मास्तरांनी कलम सांगितलं. मोटार वाहन कायदा, 182-अ. परवानगीवाचून गाडीत बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही. त्यांच्या स्कूटरला आरसे नाहीत, पण ते काढले तेव्हा हे कलम नव्हतं म्हणतात.

सीट सध्या सोप्यावर आहे. ती उभी ठेवावी, उन्हात नको, ओल नको, असं कुठेतरी वाचलं म्हणून भिंतीला टेकवून ठेवली, तर घरातली ती सर्वांत प्रतिष्ठित बैठक झाली. पोदेर पाव द्यायला येतो तो तिच्यावर टेकतो. मांजर तिच्याच कुशीत, नेमक्या शिवणीवर झोपतं. कुशीत काय आहे ते मी सांगितलं, तर काकी म्हणाली, "म्हणूनच इतकी मऊ लागते."

तिच्या बकलात एक क्लिप अडकवलेली आहे. पट्टा न लावता पट्ट्याची कटकट थांबवणारी. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना असल्या क्लिपांच्या 13,118 जाहिराती काढायला लावल्या. आमची बाजारातून रोखीने आली. गाडी घेतली त्याच आठवड्यात, काकीसाठी. पट्टा छातीला काचतो म्हणून.

परवा मुंबईचे पाहुणे आले. एकाने गप्पा मारता मारता ती क्लिप उपसली, तशी काकी आतून ओरडली, "ती काढू नाका हां, वाजपाक लागतली!"

पाहुण्याने घाईघाईने परत बसवली.