धोतर निळं झालं त्याची गोष्ट

वहिनी, जरा कुंपणापाशी या की. दोरीवर काय दिसतंय तुम्हाला? होय, धोतरच. ह्यांचं. परवापर्यंत बगळ्यासारखं पांढरं होतं.

धाकटा आलाय ना ओसाकाहून, त्याच्या जीन्सची ही करामत. आल्या आल्या बॅगेतलं सगळं मी बादलीत टाकलं, पावडर घातली, वर ह्यांचं धोतर. तासाभरानं बघते तर बादलीत शाई! आणि पोरगं कपाळाला हात लावून उभं. म्हणतंय, आई, ही सहा-सहा महिने न धुता घालायची असते. सहा महिने! मी म्हटलं, तुझ्या जपानात चालत असेल, माझ्या उंबऱ्याच्या आत नाही चालायचं.

मग बसला समजावत. मी भाकऱ्या थापतेय आणि हा काठवटीशेजारी ओली जीन्स घेऊन. एव्हिसू म्हणून कंपनी आहे म्हणे. यामाने नावाचा एक माणूस, शिंपीकाम शिकलेला, त्यानं १९९१ साली ओसाकात काढली. जुन्या काळचे अमेरिकन कामगार ज्या पँटी घालायचे ना, तशाच्या तशा शिवायचं ह्याला वेड. नाव ठेवलं कसं बघा. लिव्हाइसच्या इंग्रजी नावातला पहिला ‘एल’ उडवला, राहिलं एव्हिस. आगाऊपणाच की! पुढं त्याला शेपूट लावून एव्हिसू केलं, म्हणजे त्यांच्या एबिसू देवाचंही नाव झालं. मागच्या खिशावर पांढऱ्या रंगानं मोठा समुद्रपक्षी काढायचा, ब्रशनं, हातानं. सुरुवातीला दिवसाला चौदाएक पँटीच व्हायच्या. पुढं रॅप गाणारी अमेरिकेतली पोरं तीच पँट घालून मिरवायला लागली. म्हणजे त्यांचंच कापडचोपड जपानला वळसा घालून त्यांच्याच अंगावर. किंमत? ती मी विचारली आणि आधी घोटभर पाणी प्याले. तुम्ही विचारू नका.

पण तो देव मला आवडला, वहिनी. हातात गळ, बगलेत मासा, तोंडभर हसू. त्यांचे सात भाग्यदेव एका नावेत बसतात, त्यातला हा. त्याच नावेत बेंझाइतेन आहे, ती म्हणजे आपली सरस्वती! वीणेच्या जागी त्यांचं बिवा वाद्य, एवढाच फरक. एबिसूची १० जानेवारीला ओसाकात जत्रा भरते, धंदेवाले लोक बरकतीसाठी तिथनं बांबूच्या फांद्या घेऊन जातात. आणि मजा म्हणजे देव कानानं मंद. म्हणून लोक देवळाच्या मागं जाऊन बडवतात, आम्ही आलोय बरं का! मी म्हटलं, ह्यांची न् त्याची रास एकच दिसतेय. तीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढली की कान राहतात होय? आता साधं ‘जेवायला या’ म्हणायचं तर ताट वाजवावं लागतं.

आणि ते तांब्याचे रिबीट बघितलेत का जीन्सच्या खिशांना? ते एका बाईमुळं आले. नेवाडातल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडं आली, म्हणाली, माझ्या नवऱ्याची पँट टिकत नाही, मजबूत शिवून दे. घोड्यांच्या झुलींना तो जे रिबीट मारायचा तेच त्यानं खिशांच्या कोपऱ्यांना ठोकले. पेटंट काढायला पैसा नव्हता, म्हणून ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या लिव्हाय स्ट्रॉसला पत्र टाकलं. २० मे १८७३ ला दोघांना पेटंट मिळालं. त्या बाईचं नाव कोण घेतंय का? मी विचारलं धाकट्याला. गप्प बसला.

एक सांगायचं राहिलंच. अशा जाड्याभरड्या कापडाला इंग्रजीत डंगरी म्हणतात ना, तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय. तिथं विकायचं ते कापड.

तर हे सगळं चाललंय तोवर हे आले. जीन्स उचलली, पायाची घडी उलटली, आतला काठ बोटानं चाचपला. पांढरा काठ, मधून लाल दोरा. म्हणाले, “धोट्याच्या मागावरचं आहे.” चष्मासुद्धा लावला नव्हता!

धाकटा उडालाच. कारण तिकडं त्या काठासाठीच जास्तीचे पैसे मोजतात. तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या सासऱ्यांचेच चार माग होते. धोटा इकडून तिकडं जातो, तिथनं तोच दोरा घेऊन वळतो, म्हणून काठ आपसूक बांधला जातो. नव्या मागावर दर फेरीला दोरा कापला जातो, कडेला नुसत्या दशा. पण साध्या मागाचा पन्हा लहान, वेगही कमी, म्हणून पुष्कळांनी ते काढून टाकले. ओकायामाकडं कोजिमा म्हणून गाव आहे, शाळेचे गणवेश शिवणारं. तिथल्या लोकांनी १९६५ पासून जीन्स शिवायला घेतली, आणि त्या भागात टोयोडाचे जुने माग अजून खडखडतात. टोयोडा म्हणजे मोटारवाले टोयोटाच. त्यांचा मूळ धंदा मागाचा, मोटार नंतरची. अमेरिकेनं स्वतःचे भंगारातले माग जपानला विकले अशी एक कथा लोक सांगतात, ती खोटी आहे म्हणे.

हे ऐकून ह्यांनी विचारलं, “किलोला काय भाव?” धाकट्याला कळेना. अहो, आपले माग किलोवरच गेले की.

मग रंगाचं निघालं. सुताचा दोरखंड करून निळीत बुडवतात, वर काढला की हिरवट दिसतो, हवा लागली की निळा होतो. पुन्हा बुडवायचा, पुन्हा वर. तरी नीळ आतपर्यंत जात नाही, सुताचा गाभा पांढराच राहतो. म्हणून तर गुडघ्याला, खिशाला घासून घासून रंग उतरतो. ज्याची जशी बसण्या-उठण्याची तऱ्हा, तशी त्याची नक्षी. आणि मी पठ्ठीनं एका तासात सगळी नक्षी बादलीत ओतली!

आता ऐका काल रात्रीचं. मी पाणी प्यायला उठले तर हे ओसरीवर, दिव्याखाली, जीन्स मांडीवर. ट्रंकेतलं जुनं भिंग काढलेलं, पीक मोजायचं. आमच्या अख्ख्या संसाराची मजुरी पिकावरच मिळाली, वहिनी, एका इंचात किती आडवे धागे, त्या हिशोबानं. मोजता मोजता थांबले, मला हातानं बोलावलं. “बघ, इथं सूत जाड आहे. इथं परत. आणि इथं गाठाळ.”

सकाळी धाकट्याला दाखवलं. तो म्हणतोय, बाबा, ते मुद्दाम तसं ठेवतात. त्याचेच पैसे घेतात.

तर हे किती वेळ नुसते त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून मी मोठ्यानं ओरडून सांगितलं. तर म्हणाले, “ऐकलंय मी. आमच्या शेठनं ह्याच गाठीला मीटरमागं पैसे कापले असते.”